खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात माझी एक गोष्ट सांगतात. चार पाहुणे जमले की कुणीतरी विषय काढतंच – ‘रेखानं मेलेला कॉम्प्युटर उठवला होता, ऐकलंय का?’ मी तिथं असले तर चहाचे कप गोळा करते आणि आत जाते. लोकांना वाटतं, लाजते बिचारी. लाज असते, खरंच असते – पण ती कसली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या घरचे नाही, एवढं मला पुरे आहे.

शुक्रवार पेठेत आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. होटगीहून लग्न होऊन आले तेव्हा माझा कॉम्प्युटरचा कोर्स झालेला होता, म्हणून दुकानातलं टाइपिंग आपसूक माझ्याकडे आलं. मोठ्या जाऊबाई – त्यांना सगळे अक्का म्हणतात – स्वयंपाकघर सांभाळायच्या. अक्का मैंदर्गीच्या. माहेरी शेती आणि शेरडंमेंढरं, शाळा सातवीपर्यंत आणि तीही कन्नड. बोलता बोलता अर्धं वाक्य कन्नडमध्ये निसटतं आणि मग स्वतःच खुदकन हसतात.

अक्कलकोटकडची गिऱ्हाइकं कन्नड पत्रिका मागायची, ते काम आम्ही बाहेर द्यायचो. एकदा असंच बाहेरून आलेलं एक प्रूफ टेबलावर पडलं होतं. अक्का चहा घेऊन खाली आल्या, त्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, ‘हितं नवरीच्या बापाचं नाव चुकलंय की गं.’ चुकलंच होतं. मी त्यांना तिथंच खुर्चीत बसवलं. हो, मीच बसवलं – तेवढं पुण्य माझ्या खात्यावर असू द्या.

काय शिकली ती बाई! आधी एका बोटानं, मग दोन्ही हातांनी. पहिल्यांदा माउस उचलून हवेत धरणाऱ्या अक्का, आणि सहा-सात महिन्यांत पडद्यावर ती गोल गोल अक्षरं अशी सरसर उतरायला लागली की मी माझं काम सोडून बघत बसायची. त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नाही. ‘हे काय लिहिलंय?’ असं मी विचारायची आणि त्या बोट ठेवून सांगायच्या. गिऱ्हाइकं आता दारातूनच विचारू लागली, ‘अक्का कुटं हायत?’ – मी समोर बसलेली असताना. मला कौतुक होतं का? होतंच. बोचत होतं का? – तेही होतं. दोन्ही एकाच पोटात मावतं, एवढं मला तेव्हा कळलं.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांना सुट्टी. ज्याच्यावर पोट चालतं ते यंत्र थांबवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा कामाला लावायचं. सासरे या बाबतीत फार कडक. ‘त्येला बी एक दिस इसावा पायजे,’ म्हणतात.

सकाळी एक पत्रिका तेवढी पाठवावी म्हणून मी कॉम्प्युटर लावला, तर त्यानं आपणहून अपडेट घ्यायला सुरुवात केली. निळा पडदा, फिरणारं चक्र आणि खाली इंग्रजीत ओळ – कॉम्प्युटर बंद करू नका. ती ओळ मी वाचली. तिचा अर्थ मला माहीत होता. कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण आकडा काही पुढे सरकेना, आणि सासरे धोतर नेसून, पूजेचं ताट घेऊन मागे उभे. ‘झालं का?’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘झालं का गं पोरी?’ – मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. ‘झालं,’ म्हटलं.

सासऱ्यांनी ताट थोरल्या सुनेच्या हाती दिलं. अक्कांनी कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर अक्षता ठेवल्या, झेंडूचं फूल वाहिलं आणि दुसरं फूल तांब्यात बुडवून पाणी शिंपडलं. दोन-चार थेंब. बहुतेक तर टेबलावरच पडले. मी बघत होते.

दसऱ्याला दुपारी बटण दाबलं आणि तो सुरूच होईना. कंपनीची खूण यायची, पडदा काळा व्हायचा, पुन्हा खूण, पुन्हा काळा. तुळशीच्या लग्नानंतरच्या साऱ्या पत्रिका आत अडकलेल्या. सासरे, दीर, नवरा – सगळे गोळा झाले. अक्कांचा चेहरा उतरला. ‘म्या पानी शिंपडलं व्हतं... त्येनंच झालं असंल का गं?’

मी म्हटलं, ‘असेल की.’

बघा ना, किती सोयीचे शब्द आहेत. ‘हो’ म्हटलं नाही. उद्या कुणी धरलं असतं तर ‘मी कुठं नक्की म्हटलं?’ असं म्हणायला मोकळी. अक्कांना कुणी रागावलं नाही. ‘जाऊ दे, देवाचंच करताना झालं,’ असं सासरे म्हणाले. अक्का भिंतीला टेकून हात पदराला पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

मग मी कामाला लागले. पुढच्या गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानातून त्यांच्या लॅपटॉपवर दुरुस्तीचा पेनड्राइव्ह तयार करून आणला आणि त्यावरून कॉम्प्युटर चालू केला. दुरुस्तीचं पान आलं. मी त्याला थेट शेवटचं अपडेट काढून टाकायला सांगितलं. सगळे आजही नवल करतात – हिला रोग बरोबर कसा सापडला? नाडी न बघता सापडला. विष मीच घातलं होतं.

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्या वाटेनं गेले. एव्हाना सोनं द्यायला शेजारीपाजारी यायला लागले होते; हातात आपट्याची पानं घेऊन तेही खुर्चीमागे थांबले. आणि मग पडद्यावर इंग्रजी ओळ आली – अपडेट पूर्ण झालं नव्हतं, केलेले बदल मागे घेत आहोत. सगळं तिथं लिहिलेलं होतं. नवरा दारात लोकांची पानं घेत होता. माझ्या शेजारी अक्का होत्या – पदर घट्ट खोचलेला, टेबलाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.

‘काय म्हनतंय गं त्ये?’

‘दुरुस्ती चालू आहे म्हणतंय,’ मी म्हटलं.

‘असेल की’ एक वेळ तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे निसटलेलं नाही. कन्नडमध्ये काय लिहिलंय, असं मी त्यांना शंभरदा विचारलं होतं आणि त्यांनी एकदाही मला खोटं सांगितलं नव्हतं.

आणि मग – पडद्यावर रंग उमटला. खरं सांगते, त्या क्षणी माझं पाप माझ्याही ध्यानात राहिलं नाही, अंगावर नुसता काटा आला. धड जुनं नाही, धड नवं नाही, असं मध्येच तुटलेलं ते यंत्र मागं मागं चालत गेलं आणि जिथं धड होतं तिथं येऊन उभं राहिलं. त्याला ती जागा कशी सापडली? मी पत्रिका उघडत गेले. सगळ्या होत्या. अक्कांच्या कन्नड पत्रिकाही, शेवटच्या टिंबापर्यंत. माझे हात आपोआप जोडले गेले.

अक्कांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि वाकल्या. दसऱ्याला धाकट्यांनी थोरल्यांच्या पाया पडायचं असतं. त्या माझ्या पडल्या. सगळ्यांदेखत. ‘तुज्यामुळं वाचलं गं, रेखा. माज्या हातनं समदं गेलं असतं.’ मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. ‘अहो अक्का, हे काय,’ म्हटलं. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. गिळलं.

त्या दिवसानंतर अक्का त्या खुर्चीत बसल्या नाहीत. मी दोनदा ‘बसा की’ म्हटलं. ‘नगं बाई’ म्हणाल्या, तेव्हा मला जरा हलकं वाटलं – हेही लिहायलाच हवं. कन्नड पत्रिका आता पुन्हा बाहेर जातात. अक्का कुठे आहेत, असं आता कुणी विचारत नाही. आणि ती गोष्ट पाहुण्यांना सगळ्यात रंगवून कोण सांगतं, ठाऊक आहे? अक्काच. डोळे मोठे करून सांगतात, स्वतःच्या चुकीसकट.

परवा त्यांच्या मोबाइलवर कसलीशी सूचना आली – अपडेट करायचं का? त्या जिन्यावरून तो दोन बोटांत धरून खाली घेऊन आल्या. ‘तू कर गं. माज्या हाताला यश न्हाय.’

त्यांच्या हाताला काही झालेलं नव्हतं. मी मोबाइल घेतला, अपडेट केला आणि त्यांना परत दिला.