मांडीखाली धरलेली वेणी

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात माझ्या मार्कांपेक्षा माझ्या केसांवर जास्त बोलणं झालं. मी वर्गात दुसरी आले होते. घरात माझ्याआधी कुणी बारावीपर्यंत पोचलं नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले, आईला फक्त सही येत होती. पेढे वाटून झाले आणि आत्यानं विषय काढला.

"नाशकाला कॉलेजात जायचं म्हणती. तिथं हिची वेणी कोण घालील?"

प्रश्न वेडगळ नव्हता. माझे केस कमरेच्या खाली होते आणि मला चालणारा हात एकच, डावा. नऊ वर्षांची असताना जांभळीवरून पडले, उजवं कोपर मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून आवळली. रात्रभर मी रडले, बोटं काळीनिळी पडली, तर घरातले सगळे म्हणाले, "ठणकतंय म्हणजे हाड जुळतंय." चौथ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा बोटं आत वळलेली होती. ती तशीच राहिली. कुणाला दोष देऊन काही उपयोग नाही, तेव्हा सगळ्यांचीच समज तेवढी होती. मी डाव्या हातानं लिहायला शिकले, जेवायला शिकले, विळ्यानं मेथी कापायला शिकले. राहिली ती फक्त वेणी. ती बारावीपर्यंत आईनंच घातली, रोज पहाटे, मळ्यात जायच्या आधी.

आत्याचं म्हणणं सरळ होतं. "कापून टाका खांद्यापर्यंत. कटकट मिटंल."

आई म्हणाली, "त्यापरीस घरीच राहू दे. बारावी झाली, लय झालं."

मला दोन्ही नको होतं. केसांबद्दल लोक काय म्हणतील वगैरे मी तेव्हा विचार केला नव्हता. एवढंच कळत होतं, की हात गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. केस माझे होते. ते जाणार असतील तर मला विचारल्याशिवाय जाणार नव्हते.

दादा उंबऱ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "पंधरा दिवस देतो. आईनं डोक्याला हात लावायचा नाय. तुझं तुला जमलं तर फॉर्म भरायला जाऊ. नायतर आत्या म्हणती तसं, नायतर आई म्हणती तसं. तू ठरव."

"आणि जमलं तर?"

"सांगितलं ना, फॉर्म भरू."

दुसऱ्या दिवसापासून मी आरशासमोर उभी राहायला लागले. आई घालायची तशी, पाठीमागे. डावा हात मागं नेऊन तीन पेड करायचे, तर दोन पकडेपर्यंत तिसरा निसटायचा. एक पेड दातात धरला, तो तोंडातून ओला होऊन सुटला. खिडकीच्या गजाला पेड अडकवून बघितला, गज आणि मी दोघं गुंतलो आणि धाकट्या बहिणीला सोडवायला बोलवावं लागलं. ती चौदा वर्षांची, जिभेला हाड नव्हतं.

"ताई, शेळीनं चघळून टाकल्यावाणी दिसतीया."

"तू सोड गपचूप."

"सोडते. पण नाशकाला खिडकीला कुलूप लावायला सांग."

सातव्या दिवसापर्यंत हे असंच चाललं. केस तुटून कंगव्यात यायचे ते मी गुंडाळून चुलीत टाकायचे, आईला दिसू नयेत म्हणून. आईला दिसत होतंच. ती स्वयंपाकघरातून बघायची आणि दोन्ही हात पदरात घालून बसायची. दादांनी हात लावायचा नाही म्हटलं होतं, आणि ती दादांचं ऐकण्यापेक्षा माझ्या हरण्याची वाट बघत होती, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, ती फक्त घाबरली होती.

आठव्या दिवशी मळ्यातली मेथी काढायची होती. वणीचा बाजार दुसऱ्या दिवशी. आम्ही सगळ्या बांधावर बसून जुड्या बांधत होतो. केळीच्या खोडाचं ओलं सोपट, म्हणजे वरची साल, काढून त्याच्या पट्ट्या करायच्या आणि त्यानं जुडी बांधायची, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं काम. मला ते दहाव्या वर्षापासून येतं. माझी पद्धत अशी, की जुडी मांडीखाली दाबून धरायची, पट्टी दोनदा गुंडाळायची, टोकं एकत्र करून पीळ द्यायचा आणि पीळ आत खोचायचा. गाठ मारायची नाही. गाठीला दोन हात लागतात, खोचायला एक पुरतो. खरं तर आमच्याकडे दोन हातवालेही गाठ मारत नाहीत, वेळ जातो.

तीस-चाळीस जुड्या झाल्या असतील. माझ्या मांडीखाली एक जुडी होती आणि केस मोकळे होते. वाकले तशी केसांची एक बट खांद्यावरून पुढं येऊन जुडीच्या शेजारी मांडीवर पडली. मी तिला मागं टाकायला हात नेला आणि थांबले.

माझे केस बसल्यावर मांडीपर्यंत पोचत होते. मग मी ते पाठीमागे का घालत होते? कारण आई पाठीमागे घालायची. आईला माझी पाठ दिसत होती, मला माझी पाठ दिसत नव्हती. इतकं साधं होतं, आणि आठ दिवस मी आरशाशी भांडत बसले होते.

मेथी संपेपर्यंत धीर धरला. घरी आले, जमिनीवर मांडी घातली, सगळे केस डाव्या खांद्यावरून पुढं ओढले. तीन भाग केले. एका पेडाचं टोक उजव्या मांडीखाली, दुसऱ्याचं डाव्या मांडीखाली, मधला हातात. मग उजवा पेड काढून मध्ये घ्यायचा आणि हातातला तिथं मांडीखाली सरकवायचा. पुढच्या खेपेला डावा. ढिला पडला की मान मागं ओढायची, पेड आपोआप ताणला जातो. खाली वीतभर केस उरले की वेणी गुडघ्यांत धरायची आणि बांधायची.

पहिल्यांदा अर्धा तास लागला. वेणी वाकडी होती, पण वेणी होती.

बहीण बघत उभी होती. म्हणाली, "मेथी बांधली का काय?"

"हो. बाजारात विकून ये."

बांधायचं मात्र जमत नव्हतं. रिबन गुळगुळीत, खोचलेला पीळ तासाभरात सुटायचा. एक दिवस हुशारी केली आणि ओल्या सोपटाची पट्टीच केसांना बांधली. सकाळी छान बसली. दुपारी वाळली, तडकली आणि दळणाच्या गिरणीत लाईनीत उभी असताना सगळी वेणी उलगडली. गिरणीवाला हसला नाही, ते जास्त लागलं. शेवटी आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या काढल्या. सुती कापड केसाला धरून राहतं. तरी निसटायचं, कारण आई रविवारी मला डोक्यावर खोबरेल थापायला लावायची आणि ते गुरुवारपर्यंत निथळायचं.

मी म्हटलं, "आई, तेल नको आता."

"तेल नको? मग केस राहतील का डोक्यावर?"

"तेल राहिलं तर वेणी राहत नाही."

आईनं तेलाची बाटली कोनाड्यात ठेवली. जोरात ठेवली. मग म्हणाली, "पंधरा दिवसांतून एकदा तरी लाव." तेवढ्यावर आमचं मिटलं.

आत्या परत आली तेव्हा चौदावा दिवस होता. तिनं वेणी उचलून बघितली, ओढून बघितली, सुटली नाही. तरी म्हणाली, "खांद्यापर्यंत केले असते तर एवढा खटाटोप नसता."

मी म्हटलं, "आत्या, खांद्यापर्यंत केले तर ते मांडीखाली येणार नाहीत. मग मला दुसरा हात लागंल. लांब हायेत म्हणून जमतंय."

आत्या दादांकडे बघायला लागली. दादांनी विडी विझवली आणि विचारलं, "सकाळची एसटी कितीला हाय?"

नाशिकला कॉलेजात नाव लागलं, त्याला काही अडचण आली नाही. अडचण हॉस्टेलवर आली. तिथल्या मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी माझे मार्क बघितले, चांगलं म्हणाल्या. मग माझा हात बघितला आणि पेन खाली ठेवलं. मला विचारलं नाही, दादांना विचारलं.

"इथे प्रत्येकीला आपापलं करावं लागतं. कपडे, पाणी, सगळं. आणि हे एवढे केस. रोज दुसऱ्या मुलींना वेणी घालायला सांगणार का? तक्रारी येतात मग. तुम्ही नातेवाईक बघा ना कुणी शहरात."

आमचं शहरात कुणी नव्हतं. भाजी घ्यायला येणारा व्यापारी सोडला तर दादांना नाशकात कुणी नावानं ओळखत नव्हतं. त्यांच्या हातात टोपी होती आणि ती ते फिरवत होते. मला वाटलं आता ते हात जोडतील. ते मला बघवलं नसतं.

पण दादा म्हणाले, "मॅडम, ते तिला विचारा. मला त्यातलं कळत नाय."

मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होते? येतं म्हटलं असतं, तर कुणीही म्हणतं. मी चिंधीचा पीळ ओढला, वेणी मोकळी केली आणि त्यांच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"अगं, हे काय करतेस, ऊठ," मॅडम म्हणाल्या.

"विचारलं ना तुम्ही," मी म्हटलं. "दाखवते."

फरशी गार होती. मागं रांगेत दोन मुली आणि त्यांचे वडील उभे होते. मी केस पुढं घेतले. कंगवा नव्हता, बोटांनीच भाग केले. एक उजवीकडे, एक डावीकडे, मधला हातात. वर पंखा कुरकुरत होता. घाई करायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. घाई केली की पेड सुटतात, आणि सुटला असता तर मी परत पहिल्यापासून घातली असती.

वेणी कमरेपाशी आली तेव्हा मॅडमनी पेन उचललं. फॉर्मवर सही केली, शिक्का मारला आणि कागद दादांकडे सरकवला. "ऊठ आता. झालं तुझं काम."

दादांनी कागद घेतला. मी उठले नाही. अजून वीतभर वेणी राहिली होती आणि बांधायची होती.