छातीवरचे साहेब

भिंगारच्या बाजारात माझं टॅटूचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते कोणता मूर्खपणा मागणार हे मला कळतं. पोरींना मनगटावर उडती पाखरं हवी असतात, पोरांना मानेवर सिंह आणि नव्यानं लग्न ठरलेल्यांना एकमेकांची नावं. नावं मी मुकाट्यानं काढते, कारण पुढे ती झाकायलाही माझ्याकडेच यायचं असतं.

पण खरा तिटकारा येतो तो पुढाऱ्यांचे चेहरे गोंदवून घेणाऱ्यांचा. आमच्या जिल्ह्यात साहेबांना तोटा नाही. एखाद्या साली ऊस कमी पडेल, साहेब पडत नाहीत.

असाच एक शेवगावकडचा, पन्नाशी उलटलेला माणूस आला. पांढरा शर्ट, खिशावर साहेबांच्या फोटोचा बिल्ला. त्याला छातीवर साहेबांचा चेहरा आणि त्याखाली पक्षाचं चिन्ह हवं होतं. कारण त्यानं न विचारताच सांगितलं. त्याचा मुलगा साहेबांच्या साखर कारखान्यात हंगामी होता, गाळप संपलं की घरी बसायचा. साहेबांच्या वाढदिवसाला आपण शर्ट उघडून छाती दाखवायची, साहेब खूश होणार आणि पोराला कायम करणार, असा याचा हिशेब. तेवढ्यासाठी हा स्वतःच्या कातडीचा फ्लेक्स करायला निघाला होता.

फोटोही त्यानं फ्लेक्सवरूनच मोबाईलमध्ये काढून आणला होता. त्यातले साहेब काळेभोर केसांचे, गुळगुळीत गालांचे, बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे. खरे साहेब मी एका उद्घाटनाला पाहिले होते. टक्कल पडलेलं, गाल लोंबलेले. काका, आत्ताचा फोटो आणा, असं मी सांगून पाहिलं. साहेबांना हाच आवडतो, सगळीकडे हाच लावतात, म्हणाला. मग मला काय पडलंय? छातीवरचे केस भादरले, ठसा उमटवला आणि मशीन चालू केलं. चेहरा हुबेहूब आला. माझ्या हाताला मी कधी नावं ठेवत नाही.

खपली पडते न पडते तोच साहेबांनी पक्ष बदलला आणि हा धापा टाकत हजर झाला. चिन्ह झाकायचं होतं. पण कशानं? फूल काढावं तर पक्ष, घड्याळ काढावं तर पक्ष. हात, मशाल, धनुष्यबाण, प्रत्येकावर कुणीतरी आधीच बसलेलं. शेवटी बेलाची पानं काढली. तुम्हाला साहेबांचा राग नाही आला का, विचारलं, तर म्हणाला, जिकडं साहेब, तिकडं आपण. राजा बोले, दळ हाले. काही माणसांना देव कणा देतच नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

वाढदिवस झाल्यावर थोड्याच दिवसांनी काका परत आले. खिशावर बिल्ला नव्हता. खुर्चीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. हार घेऊन रांगेत उभे राहिले, पाळी आल्यावर शर्ट उघडला. साहेबांनी छातीकडे नीट पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "वडील का तुमचे?"

मला हसू फुटलं. ज्याला स्वतःचं थोबाड ओळखता येत नाही, त्याच्यासाठी या माणसानं इतका वेळ सुया सोसल्या होत्या. तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"व्हय म्हनलो," काका म्हणाले. "चारचौघात साहेबांची फजिती झाली असती."

साहेबांनी 'वडिलांना जपा' म्हणून पुढच्या माणसाचा हार घेतला. मुलाचा विषय निघालाच नाही. मला त्या साहेबाचा संताप आला आणि काकांचा त्याहून जास्त. सगळाच चेहरा झाकून टाकते, वर वाघ काढते, म्हटलं. काकांनी मान हलवली.

"वाघ नको, ताई. ह्येला मिशा काढा, झुपकेदार. आन् डोक्याला टोपी. माझ्या बापाचा एक फोटू न्हाई घरात."

त्यांचे वडील जन्मभर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. फोटो काढायला कोण बसलं होतं? काका डोळे मिटून सांगत गेले, मिशी किती जाड, भुवया कशा, टोपी कुठल्या बाजूला कललेली. मी काढत गेले. त्या गुळगुळीत तोंडावर मिशी चढवताना मला फार बरं वाटलं.

काम झाल्यावर काका बराच वेळ आरशासमोर उभे राहिले. मग त्यांनी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली. हा चेहरा त्यांना कुणालाच दाखवायचा नव्हता.