वडिलांनी दुरुस्त केलेली डायरी

वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला, नेहमीची औषधं हरली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी नवं औषध सुचवलं. माणसांवर त्याची ही पहिलीच चाचणी.

"माझ्याआधी कुनाला दिलंय?" वडिलांनी विचारलं.

"उंदरांना."

"मग उंदीर काय म्हनत्यात?"

डॉक्टर हसले नाहीत. वडिलांनी सही केली.

गोळ्यांबरोबर एक डायरी मिळाली. काय त्रास होतो ते रोज लिहायचं. आता आमच्या सोनई गावात रीत अशी की, भेटायला आलेल्यांना दुखणाईतानेच धीर द्यायचा. वडील त्यात पटाईत. डायरीलाही पाहुणी समजून ते रोज लिहायचे, "बरं आहे." त्याआधी गोठ्यामागे जाऊन ओकायचे, चूळ भरायचे, मग सुवाच्य अक्षरात सही.

"बाबा, खरं लिहा की!" मी चिडायचे.

"डाक्टर येवढं करत्यात, आन् आपुन रडगानं गायचं?"

खरी भीती वेगळीच होती. त्रास सांगितला तर गोळी बंद होईल, आणि यापुढे औषधच नव्हतं. तीच भीती मलाही होती, म्हणून भांडून मी गप्प बसायचे. त्याची मला आजही लाज वाटते.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर खर्डा गावचे एक गृहस्थ भेटले. त्यांना तोच आजार, तेही याच चाचणीसाठी आलेले. वडिलांनी त्यांना औषधाची अशी तारीफ ऐकवली की विचारू नका. आत डॉक्टरांनी डायरी चाळली, खूश झाले. "तुमच्या गटात कुणालाच त्रास नाही. आता पुढच्यांना डोस वाढवू. बाहेर बसलेत ना, त्यांच्यापासूनच."

वडिलांचा चेहरा उतरला. "ती डायरी द्या जरा हिकडं."

खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी सही करायची, असा तिथला नियम. वडिलांनी एकवीस रेघा मारल्या, एकवीस सह्या केल्या. ओकलो, तीनदा. पाय सुजले. एकदा खरं बोलायला लागल्यावर त्यांना आवरेना. लेकीची आमटी खारट, हेही लिहिलं. ते औषधामुळे का, असं चाचणीच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी गंभीरपणे विचारलं.

डोस वाढवणं थांबलं. वडिलांची गोळी त्याच दिवशी बंद झाली.

परतीच्या एसटीत त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "लई दुखतंय गं," म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच. मग कंबर, मांड्या, पाठ, एकेक सांगत राहिले, आणि सोनई येईपर्यंत मी ऐकत राहिले.