वर राहिलेला वायपर

आमच्या शिंपीकाकांना गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. गाडी काकूंची होती. काकू गेल्यापासून ती इमारतीखाली भिंतीकडे तोंड करून उभी आहे आणि मी ती रोज पुसते. कुठे जात नाही तर रोज कशाला पुसायची, असं एकदा विचारलं, तर म्हणाले की धूळ काय चालत्या गाडीवरच बसते? घ्या. या माणसाशी वाद घालायची सोय नाही.

आम्ही गाड्या पुसणारे लोक काम झालं की वायपर उभा करून ठेवतो. गाडी पुसली, ही त्याची खूण. काकांच्या गाडीचा मागचाच वायपर हाताशी, म्हणून मी तो उभा करायची. माझ्या बाकीच्या गाड्या होईपर्यंत काका पाव आणायला उतरायचे आणि तो खाली करायचे. स्प्रिंग सैल पडते, असं काकू म्हणायच्या ना, मग झालं.

त्यांची लेक लांब राहते. तिने मला गळ घातली होती, बाबांचं दार रोज वाजवत जा म्हणून. मी वाजवलं, तर काका भडकले. ते काय कुकुलं बाळ आहेत का, आणि उद्यापासून वर यायचं नाही. नाही तर नाही, माझं काय अडलंय? पण एकटा म्हातारा माणूस, मला राहवेना. मग मी वायपरवर लक्ष ठेवायला लागले. तो खाली आला की काका ठणठणीत, मी दुसऱ्या इमारतीत जायला मोकळी.

आणि नेमका तो मेला वायपर अडकला. सांध्यात गंज चढला, उभा तो उभाच. काका एकदा ओढून बघायचे आणि चालायला लागायचे. मला काही कळायला मार्ग राहिला नाही. काका दिसेपर्यंत मी धुतलेली बादली पुन्हा धूत बसायची आणि पुढच्या इमारतीत बोलणी खायची. शेवटी काकांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते शिलाई मशीनच्या तेलाची डबी घेऊन उतरले.

सांध्यात दोन थेंब सोडले, थोडं थांबलो, मग हळूहळू मागेपुढे केलं. काकांना भारी घाई. जोर लावाल तर आपटून काच फुटेल, असं दटावून मी काचेवर फडकं दुमडून ठेवलं. बरं झालं ठेवलं, कारण वायपर सुटला तो खाडकन त्याच्यावरच आला. मशीन दुरुस्त झालं की चार टाके घालून बघावेत तसा काकांनी तो वरखाली करून बघितला. खूश होते. मग जरा वेळाने म्हणाले, "तुझ्या काकूने अडकूच दिला नसता."

दुसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या गाड्या झाल्या तरी वायपर वरच. पुन्हा अडकला वाटतं, म्हणून मी वैतागून बादली उचलली आणि फाटकापर्यंत गेलेसुद्धा. मग डोक्यात आलं की तेल तर कालच घातलंय. परत आले, एक बोट लावलं. वायपर अलगद खाली आला.

काका आज उतरलेच नव्हते. बादली तिथेच टाकून जिना चढले. शेजारणीकडे किल्ली होती, तिने दार उघडलं. काका न्हाणीघरात पडले होते, पाय मुडपलेला, चेहरा पांढराफटक. शुद्धीवर मात्र होते. शेजारीण रुग्णवाहिकेला फोन लावायला धावली.

"आलीस?" ते म्हणाले. "हाका मारल्याच नाहीत मी. म्हटलं, वायपर वर आहे, तू येशीलच."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. मला राग आला की रडू आलं, आता सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. हाका मारायला जीभ झडली होती का, असं विचारत मी हातातलं कोरडं फडकं दुमडलं आणि त्यांच्या डोक्याखाली ठेवलं.