दादाचा लोकसहभाग

माझ्या दादाने आयुष्यभर एका कचेरीत आलेल्या पत्रांवर शिक्के मारले आणि घरी वहिनीने हातात दिलेला चहा प्यायला. याहून जास्त त्याच्याकडे कुणी काही मागितलं नाही, त्यामुळे निवृत्त झाल्यावर समाजसेवेसाठी तो अगदी ताजातवाना होता.

इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून गच्चीवर सौर पॅनल बसवले आणि दादा त्या योजनेचा सचिव झाला. 'लोकसहभाग' हा शब्द त्याला तिथे सापडला. लहान मुलाला शिट्टी सापडावी तसा तो दिवसभर वाजवायचा. माणूस वाईट नाही. सभेत फुलतो, घरात सोफ्यावर पसरतो, इतकंच.

एका सभेत त्याने ठराव मांडला : गच्चीवर ऊन असेल तेव्हाच जास्त वीज वापरायची. म्हणजे धुणं, इस्त्री, मिक्सर, सगळं भर दुपारी. सभेला सगळे पुरुषच होते. ज्यांनी जन्मात इस्त्री हातात धरली नव्हती, त्या सगळ्यांनी उत्साहाने हात वर केले.

वहिनीला हे आम्ही तिघं जेवत असताना कळलं. पहाटे उठणाऱ्या वहिनीकडे दिवसभरात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, दुपारची झोप.

"मग मी झोपायचं कधी?"

"अगं, प्रत्येक नागरिकाने थोडा त्याग करायला हवा."

"नागरिक ना? मग करा की तुम्ही."

"मी नियोजन बघतो."

"बघता की! घोरत घोरत." ती माझ्याकडे वळली. "वन्सं, तुमच्या भावाला शाळेत घेतलं तरी कुणी?"

मी स्वतः जन्मभर शाळेत शिकवलेलं, म्हणून मी घाईघाईने आमटी वाढून घेतली.

काही दिवस वहिनीने दुपारी पेंगत पेंगत इस्त्री केली. मग एके दिवशी जेवणं उरकल्यावर ती खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

नेमक्या त्याच दुपारी सौर योजनेच्या सरकारी कार्यालयातल्या मॅडम पाहणीला यायच्या होत्या. दादाचा बरा शर्ट खुर्चीवर चुरगळून पडला होता.

"अगं, मॅडम येतायत! माझा शर्ट!"

"ऊन आहे," आतून आवाज आला. "करून घ्या."

दादाने मला हाक मारली. मी त्याला इस्त्रीचं बटण दाखवलं आणि बाजूला बसले. बनियनवर, जीभ बाहेर काढून, तो कॉलरशी झगडत असतानाच मॅडम दारात उभ्या राहिल्या.

"अरे वा, काका! दुपारी घरकाम करणारा पुरुष पहिल्यांदाच बघतेय. हलू नका हं!" त्यांनी फोटो काढला. "आणि काकू?"

दादा इस्त्री बाजूला ठेवून ताठ उभा राहिला. मग सचिवाच्या आवाजात म्हणाला, "विश्रांती घेतायत. आमच्याकडे असंच असतं."

आता तो बनियनवरचा फोटो जिन्याजवळच्या फलकावर आहे, खाली 'आदर्श नागरिक' असं लिहिलेलं. बायका त्यापुढे थांबतात आणि घरी जाऊन नवऱ्यांकडे बघतात. पुरुष हल्ली दादाशी बोलत नाहीत. फोटो फलकावरून उतरवावा तर सचिवपद जाईल, म्हणून तो रोज दुपारी दार सताड उघडं टाकून इस्त्री करतो, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावं म्हणून. वहिनी आपलं दार लावून झोपते.

काल मी तिला विचारलं, "शर्ट बरे होतात का?"

"भयंकर," वहिनी जांभई देत म्हणाली. "पण घालणारेही तेच ना!"