टेस्ट स्क्रिप्टमध्ये नसलेली ओळ

आधीच सांगून टाकते — भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. दृष्ट, करणी, अंगात येणं... यातलं काही मी मानत नव्हते आणि या अनुभवानंतरही मानायला लागलेले नाही. तेव्हा कृपा करून मला उतारे सुचवू नका.

गोष्ट २००८ च्या उन्हाळ्यातली. आमचं घर नवीन जालन्यात. खाली मिस्टरांचं बियाण्यांचं दुकान, वर आम्ही. मी आणि माझी नणंद वैशाली, दोघी कॉम्प्युटर शिकलेल्या. पुष्कळ कॉम्प्युटरवरची कामं एकदम, आपोआप करून टाकणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर होतं, जगभरचे लोक घरबसल्या त्यात भर घालायचे. आम्ही दोघी त्यासाठी मदतनीस स्क्रिप्ट्स, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, लिहायचो. कुणी नवीन माणूस आला की त्याचं मशीन तयार करून देणारी एक, सगळं नीट चालतंय का ते तपासणाऱ्या टेस्ट चालवणारी एक, शेवटी तात्पुरत्या फायली झाडून टाकणारी एक. मोठ्या स्वयंपाकाआधीची निवडानिवड म्हणा ना! वैशाली लग्न होऊन वडीगोद्रीला गेली, तरी टेस्टची स्क्रिप्ट तीच सांभाळायची.

त्या दुपारी मी तीच स्क्रिप्ट चालवली होती. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि स्क्रीनकडे बघत थबकल्या.

"हे काय लिव्हलंय? वहिनी, दार उघडा..."

मी वळून पाहिलं. टेस्ट थांबलेल्या. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत, इंग्रजी ओळींच्या खाली, स्वच्छ मराठीत तेवढंच — वहिनी, दार उघडा.

मला हसू आलं. "वैशूचा चावटपणा असणार, आई. तिनंच लिहिलीय ही."

तिला रागवायला म्हणून फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच. मी म्हणाले, कामात असेल. पण सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुणाला तरी पाठव तिच्याकडं. आत्ता."

"आई, अहो, काहीही काय..."

"पाठव म्हन्ते न!"

वैशालीच्या घरासमोर, हायवेला, गफूरभाईंचं टायरचं दुकान. निरोपासाठी त्यांचा नंबर आमच्याकडे होता. ते म्हणाले, "भाभी, घरी तर कुणीच न्हाई. सगळे लग्नाला गेल्ते सकाळीच. तुमची वैशाली तेवढी राह्यली."

"जरा बघून येता का? फोन उचलत नाहीये."

"बराबर. बघतो."

मग आम्ही दोघी फोनपाशी नुसत्या बसून राहिलो. मला स्वतःचा राग येत होता, की स्क्रीनवरच्या एका ओळीसाठी एका भल्या माणसाला उन्हात पळवलं.

फोन आला तेव्हा गफूरभाईंना धाप लागली होती. "भाभी, जल्दी निघा. धान्याच्या खोलीत पडल्ती. बाहेरून कडी पडलेली... आत गोळ्यांचा वास. शुद्ध न्हाई, पण श्वास चालू हाय. गाडीत घालून न्यायलोय दवाखान्यात."

घडलं होतं ते असं. वैशालीच्या सासऱ्यांनी सकाळी गव्हाच्या पोत्यांत कीड मारायच्या गोळ्या ठेवल्या आणि घाईत सांगायचं राहून गेलं. वैशाली परात काढायला आत गेली, वाऱ्यानं दार आपटलं, कडी पडली. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

वैशाली वाचली. बरी झाल्यावर मी तिला पहिलं हेच विचारलं, ती ओळ कधी लिहिलीस?

"कोणती ओळ? वहिनी, त्या खिडकीत मराठी दिसतं तरी का?"

खरंच होतं. माझ्या त्या मशीनवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायचे. मी स्क्रिप्टच्या साऱ्या फायली चाळल्या, तिच्या जुन्या आवृत्त्या काढल्या, पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. ती ओळ कुठेच नव्हती. मी एकटीनं पाहिली असती तर भास म्हणून सोडून दिलं असतं. पण आधी वाचली ती सासूबाईंनी... मोठ्यानं.

"आत कोंडली गेलीस तेव्हा मलाच हाक मारत होतीस का?" मी विचारलं.

वैशाली ओशाळून हसली. "खरं सांगू का? मी आईला हाका मारून राह्यले होते. तुम्ही तर मनातच न्हव्हता."

तिच्या सासऱ्यांनी फर्मान काढलं — "त्या कॉम्प्युटरच्या डब्यात काहीतरी हाय. सुनेनं हात लावायचा न्हाई बिलकुल. मी देवऋषी आणतो." मी त्यांच्या ओसरीत उभी राहून सांगितलं, "मामा, आणायचंच असेल तर आधी त्या खोलीला खिडकी पाडायला गवंडी आणा." पदराआडून वैशालीची सासू हसली. खिडकी झाली. देवऋषी काही आला नाही.

इंजिनीअर झालेले दोघं-तिघं मला समजावून गेले की तूच नकळत टाइप केलं असशील. असेलही, म्हणा तुम्ही. स्क्रिप्ट चालू केल्यावर मी मात्र कीबोर्डला हात लावला नव्हता, आणि वैशाली कोंडली गेलीय हे मला माहीत नव्हतं. कुणी भूत म्हणतं, कुणी योगायोग. दोन्ही मला पटत नाही आणि तिसरं काही माझ्याकडे नाही. स्पष्टीकरण नाही म्हणून झालेली गोष्ट झालीच नाही, असं मात्र मी कुणालाही म्हणू देणार नाही.