कार्डावरची शेवटची पाच घरं

चालू ऑफिसचे किस्से चहाबरोबर विरून जातात. बंद पडलेल्या ऑफिसचे मात्र लोक भेटतील तिथे विचारतात. आमचं व्यसनमुक्ती केंद्र मोखाड्यात, दोन खोल्यांचं. मी तिथे समुपदेशक होते. पिऊन मारामारी केलेल्या काहींना कोर्ट तुरुंगाऐवजी बाँडवर सोडायचं. अट एकच: सहा महिने दर बाजाराच्या दिवशी आमच्याकडे यायचं आणि कार्डावर सही घ्यायची. सही चुकली की आत.

पोशेऱ्याचा नवसू असाच आला. नशेत त्यानं थोरल्या भावाचं, लहानूचं, डोकं फोडलं होतं.

"कशावरून भांडलात?" मी विचारलं.

"ते त्यालाच विचार बाय. मना कुठं आठवतंय."

*

अनुदानाला पहिली कात्री लागली आणि फुंकून दारू तपासायच्या मशीनचे पाइप यायचे बंद झाले. ते काम आमच्या सफाईवाल्या पारूताईंकडे गेलं. नवसू समोर उभा राहिला, ताईंनी नुसतं नाक पुढे केलं.

"आजची नाय, कालची. मोहाची. पाणी घातलेली."

सही हजेरीची होती, न पिण्याची नव्हती, म्हणून तो वाचला. जाताना मला हळूच म्हणाला, "पाइप मागव बाय. मशीन एवढी चौकशी नाय करत."

त्यानंतर त्यानं खरोखर सोडली. ताईंमुळे की कशामुळे, देव जाणे.

*

दुसऱ्या कात्रीत डॉक्टर गेले. म्हणजे ठाणे शहरात बसून पेशंटना व्हिडिओ कॉलवर बघायला लागले. केंद्रात रेंज नाही, रेंज मागच्या टेकडीवर. पोशेऱ्याहून पायी आलेल्या नवसूला घेऊन मी वर चढले. दोघंही धापा टाकत होतो. डॉक्टरांनी स्क्रीनवर त्याला नीट बघितलं आणि सल्ला दिला, "दम लागतोय. रोज थोडं चालत जा."

*

मग एक साहेब तपासणीला आले. एका माणसाला विचारलं, "दारू सुटली?" तो म्हणाला, "नाय सुटली."

साहेब माझ्याकडे वळले. "मग केंद्राचा उपयोग काय?"

नवसूला विचारलं. तो खुशीत म्हणाला, "माझी सुटली."

साहेब म्हणाले, "मग आता केंद्राची गरज काय?"

दोन्ही उत्तरं त्यांनी लिहून घेतली.

*

कुलूप लागलं तेव्हा नवसूच्या कार्डावर पाच घरं रिकामी होती. शिक्का जमा झालेला, माझ्या सहीला किंमत उरली नव्हती. वरच्या ऑफिसला फोन केला तर उत्तर आलं, "त्याला ठाण्याच्या केंद्रात पाठवा." दर आठवड्याला ठाणं, तेही ऐन लावणीत! मला संताप आला. पिऊन आला तेव्हा बाहेर राहिलेला माणूस आता दारू सोडून आत जाणार होता.

नवसू एवढंच म्हणाला, "मी येत जाईन. कुलूप तुमचं आहे, हजेरी माझी."

*

तारखेला मी आपणहून कोर्टात गेले. नोकरी नव्हतीच, रजा टाकायचा प्रश्न नव्हता. म्हटलं, निदान केंद्र बंद आहे एवढं तरी सांगू.

मॅजिस्ट्रेटनी कार्ड उलटसुलट केलं. शेवटच्या पाच घरांत पाच काळे अंगठे होते, चुलीच्या काजळीचे.

"हे कुणाचे?"

मागच्या बाकावरून लहानू उठला. टोपी काढली तशी कपाळावरची खूण दिसली.

"माझे, साहेब. पाचही बाजारांना मी त्याच्याबरोबर गेलो. केंद्राच्या पायरीवर बसलो, त्याचं तोंड हुंगलं, मग अंगठा दिला."

"तू तर फिर्यादी. तुला हे काम कुणी दिलं?"

"कुणी नाय," लहानू म्हणाला. "पण तो परत प्यायला तर डोकं माझंच फुटणार ना, साहेब."